चौऱ्याऐंशीचा गट

गुऱ्हाळातल्या चुलवाणाच्या तोंडाशी धडधाकट गडीसुद्धा दहा मिनिटांवर उभा राहत नाही. मालाक्का खाडे तिथं दीड तास बसून होती. अंगात प्लॅस्टिकचं जाकीट, त्यावर लोकरीचा स्वेटर, त्यावर घोंगडं आणि डोक्याला टॉवेल. वय वर्षं साठ. उजव्या गुडघ्यातली गादी झिजून हाडाला हाड लागलेलं, त्यामुळं तिला त्या स्टुलावर टेकवायलाच दोन माणसं लागली होती. काहिलीत उसाचा रस रटरटत होता, गुळाच्या वासानं येणारा-जाणारा थांबत होता, आणि ही बाई गालात लिंबाची फोड धरून डब्यात थुंकत होती.

"अगं, घोटभर तरी पाणी घे," तिचा नवरा आनंदा तिसऱ्यांदा म्हणाला.

"घोटभर म्हंजे पन्नास ग्रॅम. गप बसा तुमी."

"कालपास्नं थेंब न्हाई प्वाटात. वर जाशील अशानं!"

"चौऱ्याऐंशीच्या आत आलो की मग कुठं जायचं तिकडं जातो," मालाक्का म्हणाली. कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारखी तीही स्वतःविषयी 'आलो, गेलो' असंच बोलायची, आणि पैलवानकी केलेली असल्यामुळं ते तिला शोभूनही दिसायचं.

साल २०४३. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मालाक्काचं वजन होणार होतं. शहराबाहेरच्या सांधेरोपण केंद्राचा नियम असा होता की गुडघा बदलायचा तर आधी ठरवून दिलेल्या वजनाच्या आत यायचं. साडेचार महिन्यांपूर्वी तिला आकडा मिळाला होता चौऱ्याऐंशी. संधी तीन. पहिल्या वेळी सत्त्याण्णव भरली, दुसऱ्या वेळी एक्याण्णव. तिसरी संधी हुकली तर नाव यादीच्या शेपटाला जाणार होतं, आणि शेपूट चौदा महिने लांब होतं.

चौदा महिने म्हणजे काय हे तिला एकटीलाच कळत होतं. गावातल्या मुलींच्या तालमीची ती वस्ताद. गेली दोन वर्षं ती मॅटच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून ओरडत होती. पण पट काढताना, म्हणजे समोरचीचा पाय खेचून तिला पाडताना, हात तिच्या गुडघ्याच्या मागं नेमका कुठं लावायचा, हे ओरडून कळत नाही. डाव हातानं हातात द्यावा लागतो. मुली मान डोलवायच्या, 'व्हय अक्का' म्हणायच्या आणि चुकायच्या. आणखी चौदा महिने खुर्चीत काढले तर आपण वस्ताद उरणार नाही, नुसती म्हातारी उरू, अशी तिला धास्ती बसली होती. त्या धास्तीपायी तिला झोप यायची नाही.

आता पैलवानाला आकडा सांगावा आणि त्यानं तो डॉक्टरच्या अर्थानं घ्यावा, हे व्हायचंच नाही. तरुणपणी मालाक्का त्रेसष्ट किलोच्या गटात खेळायची. एरवी वजन सदुसष्ट. मैदानाच्या आधी दोन दिवस पाणी बंद करायचं, जाकीट घालून पळायचं, थुंकायचं, आणि चार किलो तोडून गटात बसायचं. वजन दिलं की बाहेर येऊन तांब्याभर लिंबूपाणी घटाघटा प्यायचं आणि दुपारी कुस्ती मारायची. तिच्या लेखी चौऱ्याऐंशी हा तसलाच एक गट होता. ऑपरेशनवाल्यांना काट्यावर आकडा दाखवला की काम झालं.

पळता येत नव्हतं, म्हणून आनंदाच्या चुलतभावाच्या गुऱ्हाळात येऊन बसली होती, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिली तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि आनंदानं काखेत हात घालून तिला तोललं होतं. परिचारिकेनं त्याला हात काढायला सांगितलं. काट्यावर आकडा आला त्र्याऐंशी पूर्णांक सात.

"बसलो गटात!" मालाक्का ओरडली. आवाज घशातून फाटकाच निघाला, पण आनंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भिंतीवरच्या पडद्यावर हिरवी खूण उमटली. पहिलं दार उघडलं होतं.

दुसरं दार मात्र वजनाचं नव्हतं, आणि तिथंच घोडं अडलं.

त्या केंद्रात प्रत्येक रोग्याचं एक जुळं केलेलं असायचं. कागदोपत्री त्याला देहप्रतिमान म्हणत, पण तो शब्द कागदावरच राहिला. कमरेपासून टाचेपर्यंतची चित्रं, रक्ताच्या तपासण्या, दाब मोजणाऱ्या सतरंजीवरून चालवून घेतलेली चाल, हे सगळं संगणकाला द्यायचं. शिवाय मांडीवर रुपयाएवढी एक चकती चिकटवायची. ती दर दहा मिनिटांनी कातडीतून अगदी क्षीण वीज सोडायची. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडखळत जाते, त्यावरून आत पाणी किती, मांस किती, चरबी किती हे तिला कळायचं. एवढ्या सगळ्यातून संगणकात हुबेहूब त्या माणसाचं शरीर उभं राहायचं, आणि मग त्या शरीरावर तेच ऑपरेशन हजार वेळा केलं जायचं. दर वेळी थोडा फरक. कधी जखम ओली राहिली, कधी न्हाणीघरात पाय घसरला, कधी व्यायामाचा कंटाळा केला. सहा महिन्यांनी हजारातली किती जुळी आपल्या पायांवर चालतायत हे मोजायचं. साडेनऊशे चालली तर तारीख मिळायची. मालाक्का आपल्या जुळीला 'जोड' म्हणायची, कारण आखाड्यात समोर उभ्या राहणाऱ्या पैलवानाला जोडच म्हणतात. मांडीवरची चकती पावलं मोजते अशी मात्र तिची ठाम समजूत होती.

शल्यविशारद डॉक्टर शबनम मुजावर कागलची. वय पस्तिशीचं, बोलणं मऊ, पण हात लोहाराचे. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग मालाक्काच्या ओठांकडं पाहिलं, मग तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"अक्का, शेवटचं पाणी कधी प्यायलात?"

मालाक्कानं आनंदाकडं डोळे वटारले.

"परवा दुपारी," आनंदा म्हणाला. "काल चुलवाणापाशी बसली हुती, गुऱ्हाळात. मी नगं म्हणत हुतो."

डॉक्टरनं आधी पाणी मागवलं. मीठ-साखर घातलेलं. ते मालाक्कानं घोटाघोटानं संपवेपर्यंत ती समोर उभी राहिली. मग शांतपणे म्हणाली, "आज मी तुम्हाला टेबलावर घेतलं असतं ना, तर तुमची मूत्रपिंडं बंद पडली असती. चकतीला सगळं कळलंय. पण मला पाण्याची तेवढी काळजी नाही, पाणी आता भरून निघेल. काळजी दुसऱ्याची आहे. बघणार का?"

तिनं पडदा फिरवला. हजार छोट्या बायका ओळीनं उभ्या होत्या. त्यातल्या जेमतेम साडेपाचशे हिरव्या होत्या. डॉक्टरनं एका तांबड्या बाईला बोट लावलं आणि ती मोठी झाली.

करड्या रंगाची, बिनचेहऱ्याची बाई. पण चाल मालाक्काचीच. उजवा खांदा जरा खाली, डावा हात कमरेवर. ती खाटेवरून उठली, वॉकर धरून तीन पावलं आली, चौथ्या पावलाला उजवी मांडी थरथरली, आणि ती मागच्या मागं पाठीवर पडली. दोन्ही खांदे जमिनीला टेकलेले. उठायचा प्रयत्न केला आणि उठता आलं नाही.

मालाक्का बघत राहिली. उभ्या जन्मात ती हरली नव्हती असं नाही, चांगली अकरा वेळा हरली होती, पण स्वतःला असं चितपट पडलेलं तिनं बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. तिला रडू कोसळलं. आनंदानं तिच्या पाठीवर हात ठेवला तर तो तिनं झटकून टाकला.

"पर वजन तर बसलंय की!" ती हुंदक्यात म्हणाली. "तुमीच म्हणालासा चौऱ्याऐंशी!"

"म्हणाले मी," डॉक्टर म्हणाली. "आता सांगा, साडेचार महिने काय खात होता?"

सकाळी कोरा चहा. दुपारी अर्धी भाकरी आणि पालेभाजीचं पाणी. संध्याकाळी काकडी. एकादशीला तेही नाही. मालाक्कानं हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. आनंदाला मात्र राहवेना.

"डॉक्टरीणबाई, मी गोठ्यात जेवतो," तो म्हणाला. "हिला वास सोसत न्हाई म्हणून. दोन म्हसरं हिकडं, दोन तिकडं, अन् मधी मी ताट घिऊन. तिच्या म्होरं घास उतरत न्हाई."

आनंदा चार म्हशींचा धनी. शहरातल्या दूधकट्ट्यावर म्हैस नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध पाजणारा. लग्न झालं तेव्हा मालाक्का खेळत होती. तिचा खुराक त्यानं पाहिला. बदाम रगडले, थंडाई केली, तूप वाढलं. या माणसाला बायकोवर प्रेम करायची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. आणि गेले साडेचार महिने ती रीतच बंद होती. दोघंही एकमेकांवर उगाच खेकसत होते.

डॉक्टरनं खुर्ची जवळ ओढली. "अक्का, वजन का उतरवायचं ते सांगते. एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. चरबी फार असली की जखम भरायला वेळ लागतो, जंतू धरतात, भूल द्यायला अवघड जातं. म्हणून उतरवायचं. पण शरीराला उपाशी मारलं तर ते नुसती चरबी जाळत नाही. मांससुद्धा मोडून खातं. तुम्ही गेल्या साडेचार महिन्यांत जे गमावलं ना, त्यात बराच वाटा मांडीचा आहे. गुडघा हाडावर उभा राहत नाही, मांडीवर उभा राहतो. मी आत कितीही झकास सांधा बसवला, तरी त्याला उचलणार कोण? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"मग मला ह्ये आदी का न्हाई सांगितलंसा?"

"सांगितलं होतं. ताकद वाढवा, अंडी खा, डाळी खा, व्यायाम करा. कागदही दिला होता. पण पैलवानाला आकडा सांगितल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. माझा सख्खा मामा पैलवान होता. चूक माझीपण आहे."

एवढं सरळ कुणी बोलेल अशी मालाक्काची अपेक्षा नव्हती. तिचं रडणं थांबलं.

"आता जुळीला उलटा प्रश्न विचारून बघू," डॉक्टर म्हणाली. तिनं पडद्यावर काही आकडे भरले. "तुमचं खरं वजन आज अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. ते तसंच राहू दे. आठ आठवडे व्यवस्थित खायचं आणि मांडीचा व्यायाम करायचा. बघू काय म्हणतेय."

पडद्यावरच्या बायका पुसल्या गेल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, आणि एकेक करून हिरव्या होत गेल्या. नऊशे साठावर जाऊन थांबल्या.

मालाक्कानं तो आकडा दोनदा वाचला. "म्हंजे चार किलो जास्त असूनबी?"

"चार किलो जास्त असून."

"अन् मी उगंच उपाशी मेलो?"

"पहिले पाच-सहा किलो उतरले ते बरंच झालं. पुढचं उगाच. आता घरी जाऊन जेवा."

'जेवा' हा शब्द मालाक्काच्या कानावर पडला. साडेचार महिने मूठ आवळून धरली होती, ती कुणीतरी अलगद उघडल्यासारखं तिला झालं. तिला रागही आला होता, लाजही वाटत होती, पण या दोन्हींच्या वर तिला इतकं सुटल्यासारखं वाटत होतं की ती तिथंच हसायला लागली. आनंदा घाबरून डॉक्टरकडं बघू लागला.

डॉक्टरनं नोंद केली: वजनाची अट पूर्ण, प्रकृतीच्या कारणानं आठ आठवडे पुढे. संधी हुकली असं ते धरलं जाणार नव्हतं. पण ऑपरेशनच्या सकाळी पुन्हा एकदा काट्यावर उभं राहावं लागणार होतं, आणि तारखा वाटणाऱ्या यंत्रणेला पहिल्यांदा फक्त वजन दिसायचं. जुळीचं म्हणणं ती नंतर ऐकायची. "नियम बदलावा म्हणून मी वर लिहिलंय," डॉक्टर म्हणाली. "वजनाचं मी बघते. तुम्ही मांडीचं बघा."

उपाशी राहणं मालाक्काला जमलं होतं. खाणं जमेना. पहिल्या दिवशी आनंदानं ताट वाढलं. एक भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, दोन उकडलेली अंडी, वाटीभर ताक. तिनं घास उचलला आणि कुणाच्या तरी घरात चोरी करायला शिरल्यासारखी इकडंतिकडं बघू लागली. आनंदा समोर बसला होता. त्याचंही ताट तिथंच होतं. कितीतरी महिन्यांनी तो माणसात जेवत होता.

"खा की," तो म्हणाला. "का म्हशीला सांगू तुला समजवायला?"

तूप, गूळ, भडंग बंद होतं. दूध साय काढून प्यायचं होतं, आणि याचं दुःख मालाक्कापेक्षा आनंदाला जास्त झालं. "अख्खी हयात मी कट्ट्यावर लोकास्नी सायीचं दूध पाजलं," तो गोठ्यात जाऊन पुटपुटायचा, "अन् घरच्या बाईला पाणी पाजायलोय." पण साय तो इमानदारीनं काढायचा, आणि ती मालाक्काच्या नजरेआड स्वतः खायचा.

व्यायाम मात्र तिच्या रक्तातला होता. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती मांडीनं दाबून दहा मोजायचे. बघणाऱ्याला वाटावं बाई नुसती पाय पसरून बसलीय. पण पंधराव्या वेळी तिच्या कपाळावर घाम यायचा. हा घाम तिला ओळखीचा होता. ही मेहनत होती. दर सोमवारी फोनवर चकतीचा आकडा यायचा, मांडीत मांस किती वाढलं त्याचा, आणि तालमीतल्या मुली तो फळ्यावर लिहायच्या.

तिसऱ्या आठवड्यात घोटाळा झालाच. सवयीनं ती घरच्या काट्यावर चढली आणि अर्धा किलो वाढलेला दिसला. झालं! दोन वेळा जेवण टाकलं. चकतीनं चुगली केली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरचा फोन आला.

"अक्का, काल काय झालं?"

"भूक न्हवती."

"खोटं बोलताय."

"व्हय," मालाक्का म्हणाली. "काटा बगितला."

"घरातला काटा कुणालातरी देऊन टाका."

काटा गोठ्यात गेला. त्यावर पेंड मोजली जाऊ लागली.

आठवा आठवडा संपायला तीन दिवस राहिले तेव्हा डॉक्टरचा पुन्हा फोन आला. वरून उत्तर आलं नव्हतं. नियम तोच होता. काट्यावर चौऱ्याऐंशीच्या वर आकडा आला तर यंत्रणा तांबडा दिवा लावणार, आणि तो तिसरा चुकलेला डाव धरला जाणार. डॉक्टरला स्वतःच्या सहीनं तो दिवा बाजूला सारता येत होता, पण मग पुढं काही बिघडलं तर जबाबदारी तिच्या एकटीची. "तुम्ही आहात तशा या," ती म्हणाली. "मी सही करीन." पण तिचा आवाज नेहमीसारखा ठाम नव्हता, असं मालाक्काला वाटलं.

 फोन ठेवल्यावर आनंदानं जे बोलायला नको तेच काढलं.

"गुऱ्हाळ अजून चालू हाय," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तीन किलोचाच तर सवाल हाय. दोन दिस बसलीस तर... वजन झालं की लगीच पाणी पाजू. त्या पोरीनं ऐन टायमाला सही न्हाई केली तर काय करायचं, माले? चौदा म्हयनं!"

जानेवारीत गुऱ्हाळात पाण्याच्या घोटासाठी विनवण्या करणारा हाच माणूस. भीतीनं त्याचं तोंड काळवंडलं होतं. त्याला वाटत होतं आपण बायकोचं भलं बघतोय.

मालाक्काच्या मनात आलं नाही असं नाही. तीन किलो तोडणं तिच्या हातचा मळ होता. जाकीट दाराआड खुंटीला तसंच होतं. आकडा आपल्या हातात होता, सही दुसऱ्याच्या हातात. आणि आखाड्यात दुसऱ्याच्या भरवशावर कुस्ती करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं उठायला म्हणून दोन्ही हात टेकले. मग हात काढून घेतले आणि नुसत्या मांडीच्या जोरावर उठून बघितलं. गुडघा कळवळला, पण मांडी थरथरली नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "मी मला चितपट पडलेली बगितलीय. काट्याला फशिवलं तर जोडीला कळतंयच. परत न्हाई तसलं करायचं."

"अन् सही न्हाई झाली तर?"

"तर चौदा म्हयनं खुर्चीत बसतो. पर जेवून बसतो."

 आनंदानं उठून दोघांची ताटं वाढली.

ठरल्या दिवशी काट्यावर आकडा आला सत्त्याऐंशी पूर्णांक एक. पडद्यावर तांबडा दिवा लागला आणि खाली ओळ उमटली: तिसरी संधी समाप्त.  आनंदानं डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मुजावर पडद्यापाशी आली. तिनं जुळी उघडली. हजारात नऊशे अठ्ठावन्न हिरव्या. ती त्याकडं बघत उभी राहिली. तिची बोटं सहीच्या पाटीवर टेकली आणि तिथंच थांबली. 

मालाक्काला ते थांबणं दिसलं. आणि गंमत अशी की तिला त्या पोरीचा राग आला नाही, कीवच आली. मैदानाआधी आपल्या तालमीतल्या मुली अशाच थांबतात हे तिला आठवलं.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "त्या बेचाळीसजणींचं काय हुतं?"

डॉक्टरनं मान वर केली. "कुणाला ताप येतो, कुणाची जखम चिघळते, कुणी पडतं. त्यांच्यासाठीच आम्ही असतो."

"मग झालं तर. हजारात बेचाळीस म्हंजे लई न्हाईत. मी तर ह्यापेक्षा वाईट जोडीबरुबर खेळलोय."

डॉक्टर हसली. तिनं सही केली. दिवा हिरवा झाला, आणि आनंदा अजूनही डोळे मिटून उभा होता म्हणून परिचारिकेला त्याला हलवून सांगावं लागलं.

ऑपरेशन दीड तासाचं झालं. कमरेखाली बधिर केलं होतं, त्यामुळं मालाक्काला हातोडीचे ठोके ऐकू येत होते. आपल्या घरात सुतार काम करतोय असं समजून ती पडून राहिली. मध्येच तिनं विचारलं, "मांडी कशी हाय आतनं?" पडद्यापलीकडून डॉक्टरचा आवाज आला, "पैलवानाची आहे अक्का." यावर ती जी खूश झाली ती संपेपर्यंत तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उभं करायचं होतं. गुडघ्याला भलीमोठी पट्टी, पाय सुजलेला, वॉकर समोर. डॉक्टर एका बाजूला, आनंदा दुसऱ्या बाजूला. त्यानं काखेत हात घालायला हात पुढं केला, तसा डॉक्टरनं त्याला डोळ्यांनीच मागं सारलं.

मालाक्का खाटेच्या कडेला आली. वॉकर धरला. पायांचे दोन्ही तळवे फरशीला टेकवले आणि उठली. सरळ उठली. मग एक पाऊल टाकलं. दुसरं. तिसरं. चौथं पाऊल टाकताना आनंदाचे हात आपोआप पुढं झाले, कारण पडद्यावरची ती करडी बाई त्याच्याही डोळ्यांपुढून गेली नव्हती. चौथं पाऊल पडलं आणि मालाक्का थांबली. वॉकर घट्ट धरून खाली मान घालून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय झालं गं?" आनंदाचा धीर सुटला. "लई दुखतंय का? बस, बस खाली. डॉक्टरीणबाई, बगा की हो, दुखतंय तिला!"

मालाक्कानं मान हलवली. 

"दुखतंय की," ती म्हणाली. "कापलंय म्हटल्यावर दुखणारच. पर त्ये न्हाई दुखत. धा वर्सं दुखत हुतं ना, त्ये. त्ये गेलं."

आणि नाक पुसून तिनं पाचवं पाऊल टाकलं.